रजा मागण्याचं इंग्रजी

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर श्रीपादने मामांना विचारलं, "मामा, 'अभ्यासाने थकलो' याला इंग्रजीत काय म्हणायचं?" आणि ठाण्यातल्या एका सुखी घराची वामकुक्षी तिथेच संपली.

गरज मात्र खरी होती. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली. घोकून घोकून श्रीपादचे डोळे खोल गेले होते, आणि परवा तर त्याने आमटी भातावर ओतायची ती पाटावर ओतली होती. त्याला कल्याणला आईकडे जाऊन दोन दिवस नुसतं झोपायचं होतं. पण गोऱ्या हेडमास्तर साहेबाचा दंडक असा, की रजा स्वतः उभं राहून मागायची, इंग्रजीतच मागायची, आणि इंग्रजी चुकलं की रजा नामंजूर. पोटदुखीचं धड वर्णन करता आलं नाही म्हणून दिवसभर पोट धरून वर्गात बसलेली मुलं श्रीपादने पाहिली होती.

वाक्य जवळजवळ तयार होतं. 'आय ॲम टायर्ड' इथपर्यंत गाडी सुरळीत जायची, पुढे 'स्टडी'ही दिसत होतं. मधला तेवढा एक शब्द काही केल्या जागेवर बसेना.

"'ऑफ'!" मामा म्हणाले. मामा कोर्टात वकील होते. "माझ्या प्रत्येक अर्जात 'ऑफ' असतो. आजवर एकही अर्ज इंग्रजीपायी फेटाळला गेलेला नाही."

"मग कशापायी फेटाळतात?" गोदामामींनी माजघरातून विचारलं. मामांनी ते ऐकलं नाही.

तेवढ्यात श्रीपादचा वर्गमित्र झेवियर त्याला बोलवायला आला आणि दारातच थबकला. "काय बोलता मामा! 'ऑफ' लावलं तर अभ्यासाचा वीट आला असा अर्थ होतो. साहेब नाव कापेल याचं! आमचे फादर 'फ्रॉम' बोलतात. मी स्वतः ऐकलेलं."

श्रीपादला दरदरून घाम फुटला. रजा राहिली बाजूला, आता शाळाच जायची पाळी आली! मामांना मात्र चेव चढला.

"तुझे फादर कुठले रे?"

"गोव्याचे."

"झालं तर! इंग्रजीच्या खटल्यात गोव्याचा साक्षीदार चालत नाही."

आरडाओरडा ऐकून शेजारचे शास्त्रीबोवा उपरणं सावरत आले. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

"थकवा अभ्यासाने आला ना? मग ही तृतीया. गोऱ्यांच्यात तृतीयेला काय म्हणतात?"

"'विथ' म्हणतात, 'बाय' म्हणतात..." श्रीपाद चाचरत म्हणाला.

"मग 'विथ' घाल. निर्णय झाला," असं म्हणून शास्त्रीबोवा पाटावर बसले. निर्णय झाल्यावरही ते उठले नाहीत, कारण आतून दडप्या पोह्यांचा वास यायला लागला होता.

मामांनी श्रीपादला मधोमध उभं केलं आणि तिन्ही वाक्यं आळीपाळीने म्हणायला लावली. कानाला कुठलं बरं लागतं ते त्यांना बघायचं होतं. म्हणता म्हणता श्रीपादने मोठी जांभई दिली.

"जांभया कसल्या देतोस? तुझ्याच रजेचं चाललंय!"

"अहो, त्या पोराला घटकाभर झोपू तरी द्या," गोदामामी म्हणाल्या.

"झोपला तर उद्या थकलोय म्हणून सांगणार कसा?"

पोहे संपले तरी निकाल लागेना. शेवटी झेवियरनेच तोड काढली. "श्रीपाद, तू असं कर. तो शब्द आला ना, की तिथे खोक. जोरात खोक. साहेबाला जो पाहिजे तो शब्द तो समजून घेईल."

"कायद्यात बसतं," मामा म्हणाले.

"खोकल्याला विभक्ती नाही," शास्त्रीबोवांनीही मान डोलावली.

सोमवारी सकाळी श्रीपाद साहेबाच्या खोलीत उभा राहिला. साहेबाचे केस विस्कटलेले होते, डोळे तांबारलेले होते आणि त्याच्यापुढे एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं.

"आय ॲम टायर्ड..." एवढं म्हणून श्रीपादने खोकण्यासाठी छाती भरून घेतली.

"मी पण!" साहेब चक्क मराठीत ओरडला.

श्रीपादचा खोकला घशातच राहिला. साहेबापुढचं ते पुस्तक मराठी व्याकरणाचं होतं. सरकारने साहेबालाही परीक्षा लावली होती, मराठीची!

"आज पंडित येणार," साहेब काकुळतीने म्हणाला. "त्याला सांगतो, आज धडा नको. पण कसा सांगतो? मी अभ्यासाला थकलो? अभ्यासावर थकलो? अभ्यासातून थकलो? चूक बोललो तर पंडित दुप्पट धडा देतो!"

उत्तर श्रीपादच्या अगदी ओठांवर आलं. शेंबडं पोरही ते देऊ शकलं असतं. पण त्याने ओठ घट्ट मिटले आणि मामा जज्जापुढे करतात तसा चेहरा गंभीर केला.

"साहेब, प्रश्न फार अवघड आहे. असल्या बाबतीत आमच्या आईला विचारलेलं बरं. तिचं मराठी अगदी शुद्ध आहे. पण ती कल्याणला असते."

साहेबाने त्याच्याकडे, त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग साहेबाने व्याकरण मिटलं.

"जा. आत्ताच्या गाडीने जा."

श्रीपाद आनंदाने उडी मारायचाच बाकी होता. तो दारापर्यंत पोचला तोच साहेबाने हळूच हाक मारली, "आणि श्रीपाद, घाई करू नको. आईला चांगला विचार करू दे. उत्तर येतपर्यंत माझा धडा बंद!"