आत्याच्या नावाची पट्टी

"आत्या, मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवायचं ठरलंय," भाचेसून म्हणाली आणि आत्याच्या हातातली सुई तिच्याच बोटात शिरली.

आत्या घराच्या पुढच्या खोलीत गेली चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती. कॉलरच्या आत मुलाच्या नावाची पट्टी लावून द्यायची, तीही हातानं, रंगीत दोऱ्यानं अक्षरं काढून, ही तिची खासियत. त्यामुळे नावांची फॅशन कशी येते आणि कशी जाते हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. एका वर्षी एकाच वर्गात एकाच नावाच्या सात मुली निघाल्या होत्या, तेव्हा सातजणींना सात रंगांचे दोरे वापरून तिनं मास्तरांची सोय केली होती. "नावं आणि पँटच्या पायांची मोहरी, दोन्ही सारखीच," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "एकदा रुंद, एकदा अरुंद. तीस-चाळीस वर्षं थांबा, फिरून तिथेच येतात."

"तुम्हीच म्हणता ना, जुनी नावं परत येतात म्हणून?" भाचेसुनेनं विचारलं. "आमच्या ऑफिसात सगळ्यांना आता जुनी नावंच हवीत. घरात तुमच्यासारखं माणूस असताना मी बाहेर कशाला शोधू?"

आत्यानं बोट तोंडात घातलं. माणसानं सुविचार सांगावेत, पण ते घरातल्यांच्या कानावर पडू देऊ नयेत हे तिला त्या दिवशी कळलं.

"बरं, पण तुमचं नाव काय?"

प्रश्न विचित्र वाटेल, पण त्या घरात तो अगदी रास्त होता. भाचा सहा वर्षांचा असल्यापासून आत्याकडे वाढला, पण त्याच्या लेखी तिचं नाव आत्या. गिऱ्हाइकांची आत्या, पोस्टमनची आत्या, समोरच्या दातांच्या डॉक्टरची आत्या. दारावरच्या पाटीवर नुसतं एक अक्षर आणि पुढे टिंब. कागदपत्रं कपाटात, आणि कपाटाची किल्ली कमरेला.

त्याला कारण होतं. आत्याचं नाव पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं. ते इथे लिहायची परवानगी तिनं दिलेली नाही, आणि तिच्या हातात कायम कात्री असते. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरीत ते नाव पुकारलं आणि अख्खा वर्ग हसला. आत्या "हजर" म्हणालीच नाही. त्या दिवसापासून तिनं नाव जे घडी घालून ठेवलं ते ठेवलंच. एक गोष्ट मात्र तिनं कोणाला कधी सांगितली नव्हती. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी नावांच्या याद्या आल्या की ती आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत आपलं नाव शोधायची. चाळीस वर्षांत हजारो पट्ट्या शिवल्या, त्यात ते नाव एकदाही आलं नाही. कोणालाच ते आपल्या लेकराला द्यावंसं वाटलं नव्हतं, आणि याचं तिला वाईट वाटत असे.

तर नाव काय, असं विचारल्यावर आत्याच्या तोंडून शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं नाव निघून गेलं. दोन अक्षरी, मऊसूत, सगळ्या मास्तरांचं लाडकं.

"अय्या, गोड आहे," भाचेसून म्हणाली. तिचा चेहरा किंचित पडल्यासारखा वाटला, पण आत्याला स्वतःच्याच धडधडीपुढे दुसऱ्या कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला आणखी चार लागतात. भाच्यानं त्याच संध्याकाळी काकांना, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाला फोन लावला आणि बाळाचं ठरलेलं नाव सांगितलं. आत्यानं चपळाईनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि मोरीत जाऊन दार लावलं.

"ताई, हे नाव कोणाचं? तुझं नाव तर—"

"घेऊ नकोस!" आत्या दबक्या आवाजात ओरडली. "यापुढे कोणी विचारलं तर माझं नाव तेच. कोणीही विचारलं तरी."

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही म्हणजे कोणीही. शपथ घे. तुला दोन पँटी शिवून देते."

"खोल खिशांच्या?"

"कोपरापर्यंत हात जाईल इतक्या खोल."

काका शब्दाचे पक्के होते. त्यात खोल खिसे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते तयार झाले.

मग भाचेसुनेनं पांढरं दुपटं आणलं. "आत्या, यावर तुमच्याच हातानं तुमचं नाव काढा." आत्यानं दोन अक्षरं काढली. चाळीस वर्षांत तिनं तेच नाव निदान दोनशे वेळा काढलं असेल, हात आपोआप चालला. पण या वेळी प्रत्येक टाका घालताना तिला वाटत होतं, ही पहिल्या बाकावरची बया आता आपल्या घरातही पुढे बसली. मुलगा होऊ दे, म्हणजे प्रश्नच मिटला, असं तिचं मनातल्या मनात सत्तर वेळा म्हणून झालं.

मुलगी झाली. सकाळी सातला भाच्याचा फोन आला. "आत्या, दोघी छान आहेत. दुपट्याचं पुडकं घेऊन ये. काकांनाही निघायला सांगितलंय."

हॉस्पिटलच्या दारात टेबल टाकून एक सुरक्षारक्षक बसला होता. वयस्कर, मिशाळ, छातीवरच्या बिल्ल्यावर नावाच्या जागी नुसतं 'सुरक्षा' लिहिलेलं.

"कोणाकडे? ओळखीचं कार्ड दाखवा."

कार्डाचं नाव काढताच आत्या एक पाऊल मागे सरकली. पण मागे रांग होती आणि वर बाळ होतं. तिनं कार्ड असं सरकवलं की अंगठा बरोबर नावावर राहावा.

"आजी, अंगठा काढा." त्यानं कार्ड वाचलं, यादी वाचली, पुन्हा कार्ड वाचलं. "या पेशंटकडे दोनच माणसांना परवानगी आहे. त्यांच्या मिस्टरांनी नावं लिहून दिलीत. यात तुमचं नाव नाही. दुसरीच बाई आहे."

"ती दुसरी बाई मीच."

"मग ही कार्डावरची कोण?"

तेवढ्यात काका पोचले. आत्याला हायसं वाटलं, पण ते सुख फार टिकलं नाही.

"तुम्ही यांचे कोण?" रक्षकानं विचारलं.

"सख्खा धाकटा भाऊ."

"मग सांगा, यांचं नाव काय?"

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्या डोळ्यांनी, भुवयांनी आणि शेवटी मानेनंसुद्धा सांगत होती की बाबा रे, आता खरं बोल. काकांना वाटलं, ती शपथेची आठवण करून देतेय. ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ते दोन अक्षरी नाव त्यांनी सांगून टाकलं.

"झालं तर," रक्षक म्हणाला. "आजी, दुसऱ्याचं कार्ड घेऊन तान्ह्या बाळांच्या वॉर्डात जाता येत नाही."

"अहो पण फोटो बघा, माझाच आहे!"

"फोटो तुमचा आणि नाव दुसऱ्याचं, म्हणजे कार्डच खोटं. हे तर त्याहून वाईट."

भाच्याला वरून बोलावलं गेलं. तो चहाचा कप घेऊनच खाली धावत आला. "अहो, ही माझी आत्या आहे! तिनंच वाढवलंय मला."

"असेल. पण त्यांचं नाव काय?"

भाच्यानंही तेच दोन अक्षरी नाव सांगितलं. रक्षकानं हात जोडले. "घरचेच सगळे एकमतानं सांगतायत. साहेब, मी काय करू? यांना आत सोडलं तर उद्या माझी नोकरी जाईल."

"ताई, मी शब्द पाळला हं," काका हळूच म्हणाले. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खोल खिशांची आशा तिथल्या तिथे सोडली.

मागे रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. कोणी घड्याळ बघत होतं, कोणी डबा सावरत होतं. गुपचूप घरी जावं, बाळ काय आठवड्याभरात घरीच येईल, असं आत्याच्या मनात आलंही. तिनं पुडकं भाच्याच्या हातात द्यायला पुढे केलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुठलंसं बाळ रडलं. ते आपलंच असेल असं नाही, पण असूही शकत होतं.

रक्षकानं शेवटचं म्हणून कार्ड उचललं, चष्मा नाकावर ओढला आणि पाचही अक्षरं, दोन्ही जोडाक्षरांसकट, साऱ्या रांगेला ऐकू जातील अशी पुकारली. "मग ही बाई कोण आहे, हे मला कोणी सांगेल का?"

"हजर!" आत्या म्हणाली.

साठ वर्षं उशिरा, पण म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले आणि हसण्याची वाट पाहिली. कोणीच हसलं नाही. मागून एक बाई फक्त एवढंच म्हणाली, "हजर आहेत ना? मग सोडा की हो त्यांना, आम्हालाही जायचंय!"

भाच्यानं यादीतलं नाव खोडून कार्डावरचं लिहिलं, तेव्हा कुठे रक्षकानं वाट सोडली. वर पोचेपर्यंत भाच्यानं सगळी कहाणी बायकोला फोनवर सांगून टाकली होती. आत्या बाळाकडे न बघता आधी भाचेसुनेकडे बघत उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"आत्या, खरं सांगू?" भाचेसून म्हणाली. "ते दोन अक्षरी नाव मला मुळीच आवडलं नव्हतं. आमच्या ऑफिसात त्या नावाच्या तीन जणी आहेत. केवळ तुमचं म्हणून ठेवत होतो."

"आणि हे?"

"हे तुमचंय ना? मग झालं."

"अगं, वर्गात हसतील तिला!"

"हसू देत. तुम्ही आहात ना, तिला 'हजर' म्हणायला शिकवा."

आत्याला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मग पिशवीतून कात्री काढून खुर्चीत बसली आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला तिनं टाक्याटाक्यानं उसवून काढलं. पाच अक्षरं दोनाच्या जागेत मावेनात, शेवटचं थोडं कोपऱ्यात वळवावं लागलं. हजारो पट्ट्या शिवलेल्या त्या हाताला हे नाव नवीन होतं.

तीन-चार महिन्यांनी पुढच्या खोलीत एक गिऱ्हाईक आलं. अंगात साधा सदरा होता, पण मिशीवरून आत्यानं ओळखलं. हॉस्पिटलचा रक्षक.

"नात झालीय," तो अवघडून म्हणाला. "दुपट्यावर नाव काढून हवंय, तुम्ही काढता असं तुमच्या भाच्याकडून कळलं. त्या दिवशी तुमच्या कार्डावरचं वाचलं ना, ते डोक्यातून जाईचना. घरी सांगितलं, लेकीला फार आवडलं."

त्यानं पुढे केलेल्या चिठ्ठीवर पाच अक्षरं होती. आत्यानं ती दोनदा वाचली. इतकी वर्षं यादीत शोधलेलं नाव समोर आलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात थोडी धुसफूसही होती. आपल्या घरातलं एकुलतं एक नाव, आणि आता त्यातही वाटेकरी! तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हात पुढे केला.

"कार्ड दाखवा."

"कशाला हो?"

"नियम म्हणजे नियम. तान्ह्या बाळाचं काम आहे."

रक्षकानं नाइलाजानं खिशातून कार्ड काढलं. देताना त्याचा अंगठा बरोबर नावावर होता.

"अंगठा काढा," आत्या म्हणाली.

तिनं चष्मा लावून नाव वाचलं. सहा अक्षरं, तीन जोडाक्षरं. रक्षक दाराकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. बिल्ल्यावर नुसतं 'सुरक्षा' का असतं, याचा उलगडा आत्याला झाला. तिनं कार्ड परत दिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"बसा," ती म्हणाली. "काळजी करू नका. तीस-चाळीस वर्षं थांबा, तुमचंही येईल."