अर्ध्या चेहऱ्याची मोजदाद

ज्या दुखण्यावर इलाज सापडत नाही ते मोजायला घ्यावं, हा विद्वानांचा नियम आहे आणि तो अगदी योग्य आहे. मोजणाऱ्याचा वेळ बरा जातो आणि दुखणाऱ्याला आपली दखल घेतल्याचं समाधान मिळतं.

माझ्या डोक्यात डाव्या कानामागे सुपारीएवढी गाठ झाली होती. ती काढली. चेहरा हलवणारी नस नेमकी तिला चिकटून बसलेली, ती दुखावली आणि माझा डावा गाल, डोळा, भुवई सगळं झोपी गेलं. गालाचं मला एवढं काही नव्हतं (या वयात गाल कोण बघतो?). पण भुवई! त्या डाव्या भुवईवर मी अख्खं घर चालवलं. ती वर गेली की चहात तिसरा चमचा साखर घालणारे आमचे हे चमचा खाली ठेवत. ती झोपल्यावर हे चार चमचे घालू लागले आणि वर मलाच विचारू लागले, "तू काही म्हणालीस का?"

म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, "भुवई परत कधी येईल?"

"आजी, या विषयावर जगभर जोरात काम चाललंय."

"म्हणजे औषध?"

"नाही, शोधनिबंध. आमचा विभाग ते निबंध मोजतो."

कुठल्या देशाने किती लिहिले, कोणी कोणाचं नाव घेतलं, कुठला शब्द कितीदा आला. (तू माझं नाव घे, मी तुझं घेते, आमच्या जावाजावांत हे कधी जमलं नाही, म्हणून आम्ही मागे राहिलो.) या मोजणीत 'नस' हा शब्द हजारोंनी सापडला, 'गाठ' त्याहून जास्त. 'भुवई' सातदा. त्यातला पाचदा एकाच माणसाच्या निबंधांत. त्याच्या घरी माझ्यासारखी कोणी असणार. सगळ्यांचा निष्कर्ष मात्र एक: आणखी संशोधन हवं.

माझीही तपासणी नेमाने होई. डॉक्टर म्हणत, "हसा."

"कशाला?"

"तपासायला."

कारणाशिवाय मी लग्नाच्या फोटोतही हसले नव्हते. ते लिहीत, 'हालचाल नाही.' सुरुवातीला ते खरं होतं. पुढे माझ्या स्वभावाचीच नोंद होत राहिली.

मग या मोजणीवर भरली मोठी सभा. नमुना म्हणून मला व्यासपीठावर बसवलं. सून शेवटच्या रांगेत. दिवे मंद झाले आणि पडद्यावर निबंधांचा रंगीत नकाशा आला: ठिपके, ठिपक्यांतून दोरे, मांजराने लोकरीत झोप काढावी तसा. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक थोर तज्ज्ञ उठले. "माझे निबंध कमी मोजलेत!" शेजारचे थोर तज्ज्ञ म्हणाले, "कमी कसले? तुमचा एकच निबंध तीन नावांनी आहे!" आणि दोघे पाण्याच्या बाटल्या आपटत भांडू लागले.

मला हसू फुटलं. कारण मिळालं होतं ना.

मागून सून ओरडली, "आई! अहो, तुमचा डावा गाल हसतोय!"

अध्यक्षांनी पडद्यावरची नजर न काढता दरडावलं, "ओ बाई, गप्प बसा. प्रश्न शेवटी."

माझ्या सुनेला गप्प बसवायचा हक्क एकट्या माझा आहे. मी नुसतं "अहो" म्हटलं. ते वळले, आणि माझी डावी भुवई वर गेली. अध्यक्ष मुकाट्याने बसले.

डॉक्टरांना आनंद झाला, पण अडचणही आली. मोजणी गेल्याच महिन्यात बंद झाल्यामुळे माझं बरं होणं यंदाच्या आकड्यांत बसत नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी साखरेचा डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं. मी सुनेला विचारलं, "एवढ्या सभेत तुलाच कसं दिसलं गं?"

"वीस वर्षं त्याच बाजूला बघून जगतेय, आई. न बघून चाललं असतं का?"

तुम्हाला त्या विद्वानांचं हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त, समोर कोणीतरी मघापासून तुमच्याकडे बघत बसलंय. त्याचा चेहरा काय म्हणतोय, ते सांगा पाहू, या कागदातून डोकं वर न काढता.