बारा फुटी नवरदेव

म्हात्रेकाकांनी पहिल्याच दिवशी एका नवरदेवाची उंची बारा फूट लिहिली, वजन दोन किलो, जन्मतारीख पुढच्या वर्षीची. आणि आमच्या कॉम्प्युटरने या प्राण्याला निमूटपणे तीन अनुरूप वधू शोधून दिल्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "नापास. पुढचा नग घे."

नग म्हणजे माझ्या साइटचं पान. नव्वदीच्या शेवटची गोष्ट. टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत आमची कंपनी: चार कॉम्प्युटर, एक मोडेम आणि सगळा प्रोग्रॅम लिहिणारा मी एकटा. डोंबिवलीच्या लिमयेबाईंचं वधूवर सूचक मंडळ आम्ही इंटरनेटवर नेत होतो. गुढीपाडव्याला साइट सुरू होणार अशा पत्रिका बाईंनी वाटूनही टाकलेल्या. मला झोपायची चोरी झालेली. अशात कंपनीच्या साहेबांनी तपासणीला आणलं कोणाला? तर बाळकुमच्या म्हात्रेकाकांना, ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर. बोल्ट मापात बसला नाही की बाजूला फेकायचा, एवढंच काम. मग कारखान्याला टाळं लागलं, त्याच वर्षी काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन नाशकाला गेली. "सहा वर्षं घरात बसून भिंती तपासल्या," ते म्हणायचे. "त्यांच्यात बी फॉल्ट हायेत." आमच्याकडचं काम साइट सुरू होईपर्यंतच होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं.

रोज नऊच्या ठोक्याला दारात हजर. हातात डबा, खिशात लाल पेन्सिल. मग एकेक नग घेऊन माझा जीव काढायचे. वधूच्या नावाच्या जागी पत्ता, पत्त्याच्या जागी भाजीची यादी. गोत्राच्या रकान्यात 'विचारून सांगतो'. नोंदणीचं बटण एकदा दाबायचं असतं. काका सतरा वेळा दाबायचे आणि एकाच मुलीच्या सतरा नोंदी झाल्या की खूश व्हायचे.

"अहो काका, असं कोण करतं?" मी करवादायचो.

"मुलीचा बाप करतो. घाईत असतो बिचारा."

मी दुरुस्त करायचो. एक चूक बुजवली की दुसरीकडे दोन निघायच्या आणि काका त्या लाल पेन्सिलीने वहीत उतरवायचे. त्या वहीचा मला इतका वैताग आलेला, की एकदा मी ती खिडकीबाहेर फेकायला निघालेलो.

लिमयेबाई फोन करायच्या, पण मोडेम चालू असला की फोन लागायचा नाही. मग त्या स्वतःच यायच्या. "अहो, पाडवा काही तुमच्या म्हात्र्यांसाठी थांबणार नाहीये!"

काका शांतपणे म्हणायचे, "बाई, लोक पोरीबाळींची नावं टाकनार या पेटीत. पेटी गळकी नको." बाई पदर सावरून डोंबिवलीची वाट धरायच्या.

पाडवा आठवड्यावर आला आणि वही रिकामी राहायला लागली. दिवसाला चाळीस चुका निघायच्या, त्या पाचावर आल्या, मग एकावर. मी खरं तर नाचायला हवं होतं. पण एका दुपारी काका माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. "कायच सापडत नाय रे," म्हणाले. तो चेहरा बघून मला कसंतरीच झालं.

मग मी एक गाढवपणा केला. पाडव्याच्या आदल्या सकाळी मुद्दाम एक चूक पेरली. कळवा निवडलं की कल्याणची स्थळं दिसायची. चूक निघाली असती, तर साहेबांना सांगता आलं असतं की काकांना अजून महिनाभर ठेवा.

काकांनी दहा मिनिटांत पकडली. चेहरा खुलला, पेन्सिल उचलली. मग दोनदा बटण दाबून बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ही काल नव्हती."

"राहिली असेल. लिहा ना वहीत."

"झालेली चूक येगळी, केलेली येगळी. तीस वर्षं हेच बघितलंय, पोरा." आवाज चढला नव्हता, तरी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "उद्या कोनाच्या पोरीचं स्थळ हुकलं तर? काढ ती."

मी काढली. त्यांनी सगळं पहिल्यापासून तपासलं, शेवटच्या पानावर 'पास' लिहून सही केली आणि डबा पिशवीत भरायला लागले. मी उठून जवळ गेलो. म्हटलं, "काका, चुकलंच माझं. तुम्ही जाऊ नये असं वाटलं, म्हणून केलं."

त्यांचा हात थांबला. "असं कोन बोल्लंच नाय रे किती वरसांत," म्हणाले. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि परत वळले. "एकट्यासाठी मी गुढी उभारीत नाय. उद्या येशील काय घरी? नाय, तुला काम असंल..."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आमच्या कंपनीत लिमयेबाईंनी नारळ फोडला आणि साइट सुरू झाली. बटण साहेबांनीच दाबलं म्हणे. मी तेव्हा बाळकुमला, म्हात्रेकाकांच्या दारात, स्टुलावर चढून गुढीची काठी धरून उभा होतो आणि काका खालून ओरडत होते, "अजून वर घे. रस्त्यावरनं दिसली पायजे."