खिंडीतल्या वाऱ्यावरचा खटला

मोरदऱ्याच्या खिंडीतल्या वाऱ्यावर चोरीचा खटला होता, आणि सरकारी वकिलांनी तो मागे घेतला. फिर्यादी ठकूबाईला हे काही पटलं नाही.

चोरी साधीसुधी नव्हती. मेलेल्या आईच्या लुगड्यांची गोधडी ठकूबाईनं लेकीच्या बाळासाठी शिवली होती. दोरीवर वाळत घातली, आणि वाऱ्यानं दिवसाढवळ्या नेली. बारसं तोंडावर आलेलं. आईची लुगडी आता पुन्हा कुठून आणायची?

"मावशी, पुकारा केला, आरोपी हजरच झाला नाही," वकील म्हणाले. "पोलिसांनाही सापडत नाही. म्हणून खटला मागे घेतला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मंजुरी दिली."

"साहेबांनी दिली, देवानं नाही दिली. त्यांच्या वर कुणी असेल की."

वर जिल्ह्याचे जज्जसाहेब होते. ठकूबाई भाकरी बांधून एसटीनं तिकडं गेली. जज्जसाहेबांनी कागद वाचले, चष्मा पुसला आणि वकिलांना विचारलं, "पुकारा झाला तेव्हा कोर्टाच्या खिडक्या उघड्या होत्या का?"

वकील पायाकडं बघायला लागले. "नाही साहेब. कागद उडतात, म्हणून आम्ही त्या बंदच ठेवतो."

"मग आरोपीनं यायचं कुठून?"

मंजुरी रद्द झाली. खिडक्या उघडून पुन्हा पुकारा करावा, असा हुकूम खाली आला.

तारखेला वारा पहिल्याच हाकेला हजर. बाकीच्या खटल्यांचे कागद आढ्याला जाऊन चिकटले. "सावकाश. हे कोर्ट आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले. तसा वारा आरोपीच्या पिंजऱ्यात गेला आणि तिथली धूळ गोल गोल फिरवत उभा राहिला. आरोप वाचून दाखवला.

"जामीन कोण राहतंय?"

कुणी पुढं येईना.

"मग कोठडी."

ठकूबाई उठून उभी राहिली. सगळ्या गावाची ज्वारी मळून खळ्यावर पडलेली, उफणायची तेवढी राहिली होती. वारा आत गेला तर दाण्यातून भुसा काढणार कोण, हे साहेब?

"मी राहते जामीन," ती म्हणाली.

"अहो मावशी, फिर्यादी तुम्हीच ना?"

"चोर असला तरी आमच्या गावचा आहे. पण अट घाला. बारशाच्या आत गोधडी घरात पाहिजे."

अट लिहिली गेली, खटल्याची पुढची तारीख पडली. ठकूबाईनं अंगठा उठवला. शाई वाऱ्यानं वाळवली.

गावची ज्वारी उफणून घरोघरी गेली. बारशाच्या सकाळी गोधडी पाळण्यात होती. जराशी दमट, आंब्याच्या मोहराचा वास येत होता, आणि एका कोपऱ्याला उसवलेली शिवण कुणीतरी नीट घातलेली. टाका ठकूबाईच्या हातचा नव्हता.

बायका पाळणा म्हणायला लागल्या, तसा पाळणा आपसूक हलायला लागला. ठकूबाईनं हातातली दोरी सोडली.

"हलव. पण तारीख चुकवू नकोस, बाबा," ती हळूच म्हणाली. "अंगठा माझा आहे."