रांजणातल्या मासोळ्यांचा उपास

पोळ्याच्या आत घरात एकही डास शिल्लक ठेवणार नाही, असं जुईलीनं जाहीर केलं तेव्हा तिच्या कडेवर सव्वा वर्षाचा ईशान होता आणि त्याच्या गालावर बोराएवढी गांधी. मागच्या गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला होता. तेव्हापासून ती ईशानचं कपाळ इतक्यांदा चाचपायची, की हात पुढे आला की पोर आपणहून मान खाली घालायचं.

कुंड्यांखालच्या ताटल्या गेल्या, कूलरची टाकी कोरडी झाली, फ्रिजमागचा ट्रे उन्हात पडला. तरी भरदिवसा डास असे यायचे, जणू जठारपेठेतल्या प्रत्येकाला तिच्याकडे जेवायचं आवतण होतं.

जुईली बी.एस्सी. झालेली. शत्रूची माहिती काढायची तर नावापासून, म्हणून तिनं नावही उकरून काढलं आणि जेवताना बातमी फोडली.

"बाबा, डेंग्यूच्या डासाचं नाव एडिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ माहितीये? एकवचनात देऊळ आणि अनेकवचनात घर."

सासरे मोरोपंत म्हणजे संस्कृतचे निवृत्त शिक्षक आणि घराला लागून असलेल्या महादेवाच्या देवळाचे पुजारी. त्यांना डासापेक्षा शब्द जास्त चावायचा. घास हातात तसाच राहिला.

"मुळात चूल असणार बघ. आपल्याकडे इंध् धातू आहे, एधस् म्हणजे सरपण. विस्तव तिथे घर, घर तिथे देव. वा, काय शब्द आहे."

"वा काय, बाबा? घरात सगळं पाहून झालंय. म्हणजे डास देवळातून येतात."

"त्या डासाचं नाव ग्रीकवरून आलंय," नवरा सौमित्र मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "नकोसा, असा अर्थ. देवळाशी काही संबंध नाही त्याचा."

"नसू दे. बघून यायला काय जातंय?"

ती बघून आली आणि तिचा चेहराच उतरला. सभामंडपातल्या रांजणात अळ्या वळवळत होत्या.

आता या रांजणाला हात लावायची सोय नव्हती. श्रावणी सोमवारी गल्लीतल्या माणसांनी पूर्णा नदीचं पाणी कावडीनं आणलं होतं. अभिषेक होऊन उरलेलं पाणी रांजणात ठेवायचं आणि पोळ्यापर्यंत ज्यानं त्यानं गडूभर तीर्थ न्यायचं, ही इथली रीत.

"उपसू या?" असं तिनं विचारताच मोरोपंतांनी असं पाहिलं, जणू ती पिंडच जरा बाजूला सरकवा म्हणाली.

"माणसं रात्रभर अनवाणी चालून आलीत, बेटा. थेंब सांडायचा नाही."

तिनं रांजणाला फडकं बांधलं, तर तीर्थ घेणाऱ्यांनी ते हात पुसायला घेतलं. शेवटी हिवताप खात्याकडून ती गप्पी मासे घेऊन आली आणि पहाटे, कुणी उठायच्या आत, गुपचूप रांजणात सोडून मोकळी झाली. मासे अळ्या खातील, पाणी जागचं हलणार नाही, बाबांना कळायचं कारण नाही. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तिनं त्या दिवशी चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

चहा संपायच्या आत शेजारच्या पार्वताबाई गडू घेऊन देवळात आल्या.

"पंत, ओ पंत, भाईर या बरं. पूर्णामाय मासोळ्या घेऊन आली ना कावडीत!"

मोरोपंत आले. वाकून पाहिलं. "इतके दिवस कुठं होत्या या?"

"लहान होत्या. आता दिसून राहिल्या."

दुपारपर्यंत देवळासमोर चपलांचा ढीग लागला. कुणी कुरमुरे आणले, कुणी कणकेच्या गोळ्या, एकीनं तर साबुदाण्याची उसळ. मासे अधिक महिन्यातल्या जावयासारखे तृप्त होऊन बुडाशी पडले. अळ्या त्यांच्या नाकासमोरून हिंडायच्या, ते डोळाही वळवायचे नाहीत. वर मासोळ्यांच्या नावानं नारळ फुटू लागले, कोपऱ्यात करवंट्या साचल्या आणि करवंट्यांमध्ये पाणी. डास दुप्पट झाले.

आणि एका सकाळी ईशानचं कपाळ खरंच गरम लागलं.

डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. रक्त तपासलं, तेही चांगलं निघालं. पण तोवर जुईलीचा धीर संपला होता. घरी आल्या आल्या तिनं मोरोपंतांपुढे सगळं ओकून टाकलं.

"माहितीये मला," ते वाती वळत म्हणाले. "तू मासे सोडत होतीस तेव्हा मी गाभाऱ्यातच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"लग्न होऊन तीन वर्षांनी सूनबाईंनी देवाला पहिल्यांदा काहीतरी वाहिलं. म्हटलं, टोकू नये."

जुईलीला हसावं की रडावं कळेना. "बाबा, लोकांना सांगा ना, खायला घालू नका म्हणून. उपाशी राहिले तरच मासे अळ्या खातील."

"नुसतं सांगून ऐकतात होय? नेम सांगावा लागतो."

सोमवारच्या आरतीनंतर त्यांनी नेम सांगितला. पोळ्यापर्यंत मासोळ्यांना उपास. रांजणात काही टाकायचं नाही, आणि करवंट्या पालथ्या घालायच्या. माशांनी उपास धरल्याचं कुणालाही नवल वाटलं नाही. एकीनं फक्त विचारलं, "निरंकार काय?" पंतांनी मान हलवली. बाया हळहळल्या आणि कुरमुरे परत पदरात बांधून घरी गेल्या.

दोन दिवसांनी जुईली ईशानला कडेवर घेऊन रांजणात डोकावली. पाणी काचेसारखं नितळ. औषधाला अळी नाही. सौमित्रला आत्ताच्या आत्ता बोलवावं म्हणून ती वळली, तो मागे पार्वताबाई उभ्या.

"काय पाहून राहिली व पोरी? समदं साफ केलं म्या. लय वळवळे किडे होते आत. एखादा तोंडात गेला असता तं मासोळीचा उपास मोडला असता ना."

जुईलीनं ईशानला घट्ट धरलं. "मारलेत ना तुम्ही ते?"

"काहून मारू? शिरावनात जीव मारतेत काय? फडक्यानं गाळून घेतले. तुह्या अंगणात लेकराची आंघोळीची बादली रिकामी दिसली, तिच्यात पाणी घातलं अन् सोडले अलगद." पार्वताबाईंनी ईशानच्या गालाला हात लावून बोटं ओठांना लावली. "मूठभर कुरमुरे बी टाकून आली. त्याहिले कुठं उपास आहे?"