एकेचाळीस जणांचं एकमत

दातांच्या डॉक्टरांना सिनेमातलं कळतं, याबद्दल निदान एका माणसाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः डॉक्टर. गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी ते दवाखाना अर्धा तास लवकर बंद करून नवा सिनेमा पाहत आणि शनिवारी सकाळपासून त्यावर बोलत. या बावीस वर्षांत त्यांचं मत एकदाही कुणी खोडून काढलं नव्हतं. आता यात डॉक्टरांच्या जाणकारीचा वाटा किती आणि ऐकणाऱ्याच्या तोंडातल्या कापसाचा किती, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

कारण त्यांची पद्धत ठरलेली होती. पेशंट खुर्चीत बसला की आधी दाढेची चौकशी, मग भूल, मग ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी, गालात कापसाचे दोन बोळे. तोंड पुरतं भरलं, की डॉक्टर विचारत, "काय मग, शुक्रवारचा पाहिलात की नाही?" पेशंट घशातून काहीतरी आवाज काढी. त्या आवाजांचा डॉक्टरांनी दांडगा अभ्यास केला होता. आखूड आवाज म्हणजे पटलं. लांब आवाज म्हणजे फारच पटलं. पेशंटने खुर्चीचा हात घट्ट धरला, तर प्रसंग काळजाला भिडला. आणि डोळ्यांत पाणी आलं, तर विचारायलाच नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे मारणाऱ्याला ती चर्चा वाटत होती.

त्या महिन्यात लिफ्टवाल्याचा सिनेमा लागला. एका जुन्या इमारतीतला लिफ्टवाला, त्याचा नोकरीतला शेवटचा आठवडा, आणि शेवटच्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. मग अकरा मिनिटं पडद्यावर लिफ्टवाल्याची पाठ. तो बोलत नाही, वळत नाही, मागे संगीत नाही. चौथ्या मिनिटाला लोकांनी मशीन बिघडलं समजून मागे वळून पाहिलं, सातव्या मिनिटाला निम्मे उठून गेले. डॉक्टर मात्र ढसाढसा रडले. शेजारी बसलेल्या बायकोने मुकाट्याने पर्समधून रुमाल काढून दिला. असा सिनेमा आपण जन्मात पाहिला नाही, असं घरी पोचेपर्यंत ते तीनदा म्हणाले. हेच आणखी एखाद्याने म्हणावं, अशी त्यांना अगदी मनापासून ओढ लागली. एखादी गोष्ट जगात आपल्या एकट्यालाच आवडावी, हे फार जड जातं.

शनिवारपासून डॉक्टरांनी कामाला सुरुवात केली. प्रत्येक पेशंटला ती अकरा मिनिटं समजावून सांगायची, आवाज ऐकायचा, आणि तो गेला की भेटीच्या वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करायची. तीन आठवड्यांत एकेचाळीस खुणा झाल्या, फुली एकही नाही. दवाखान्याचं काउंटर बायको सांभाळायची. तिने वही पाहिली.

"अहो, त्यांच्या तोंडात कापूस असतो."

"कापूस तोंडात असतो, डोळ्यांत नसतो. डोळे सगळं सांगतात."

"डोळे सुईचं सांगत असतील."

डॉक्टरांनी वही मिटून टाकली. त्या अकरा मिनिटांत जिचे डोळे कोरडे राहिले, तिच्याशी सिनेमावर काय बोलायचं?

त्याच सुमारास चिटणीसबाई कॅप बसवून घ्यायला आल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गावातल्या चित्रपट मंडळाच्या चिटणीस. मंडळाची बैठक महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या माडीवर भरे. डॉक्टर आठ वर्षं तिथे शेवटच्या रांगेत बसत होते, पण तोंड उघडलं की त्यांच्याहून मोठ्या आवाजाचा कुणीतरी आधी सुरू होई. आज बाई आयत्या सापडल्या होत्या. बोळे घालायच्या आधीच डॉक्टरांनी त्यांना ती एकेचाळीसची बातमी दिली. बाई चकित झाल्या. मंडळात त्या सिनेमाला एकजात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनी स्वतः सगळ्यांत जास्त. पण बाईंचा स्वभाव न्यायाचा. इतक्या लोकांना आवडला असेल तर ती बाजूही मंडळाने ऐकली पाहिजे, येत्या रविवारी तुम्हीच बोला, असं त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी आ केला.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुख दारात आलं की माणसाला ते चारचौघांना दाखवावंसं वाटतं. आपले एकेचाळीस जण समोर बसलेले असावेत, असं डॉक्टरांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी बायकोला सगळ्यांना फोन करायला सांगितलं. तिने एकदा विचार करा म्हणून सुचवून पाहिलं, मग केले. एकानेही नाही म्हटलं नाही. निम्म्यांची कामं अर्धवट होती. कुणाच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट होतं, कुणाचं रूट कॅनाल उघडं होतं. उद्या ज्याच्या हातात ड्रिल असणार, त्याला आज नकार कोण देईल?

रविवारी वाचनालयाच्या माडीवर खुर्च्या कमी पडल्या. खालून बाकं आणावी लागली. डॉक्टर वीस मिनिटं बोलले आणि, खोटं कशाला बोला, फार छान बोलले. लिफ्टवाल्याच्या मानेवरच्या घामाबद्दल बोलताना त्यांचा स्वतःचाच आवाज दाटून आला. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला. या सिनेमाबद्दल आपण एकेचाळीस माणसांशी सविस्तर चर्चा केली असून एकाचंही मत विरुद्ध पडलेलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ती माणसं इथेच बसली आहेत, त्यांनी हात वर करावेत.

एकही हात वर आला नाही. डॉक्टरांना वाटलं, लोक लाजतायत. संकोच करू नका, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून बँकेचे कॅशियर उठले.

"डॉक्टर, त्या एकेचाळीसात मीपण आहे का?"

"आहात म्हणजे? सगळ्यांत लांब हुंकार तुमचाच होता."

"मी ड्रिल थांबवा म्हणत होतो."

माडीवर हशा पिकला, आणि मग धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, माझ्या डोळ्यांतलं पाणी दाढेचं होतं, तो सिनेमा पाहताना तर मी झोपले होते. एका गृहस्थाने सिनेमा पाहिलाच नव्हता; शेवट सांगू नका म्हणून त्याने चार वेळा हात हलवला, आणि डॉक्टरांनी चारही वेळा तो प्रेमाने धरून खाली ठेवला. मागच्या बाकावरचा एकजण तर नऊ वर्षांपूर्वीच्या एका सिनेमावर आला. त्यातली नायिका डॉक्टरांनी टाकाऊ ठरवली होती आणि त्याचं उत्तर हा माणूस नऊ वर्षं पोटात घेऊन फिरत होता. आज त्याने ते सव्याज दिलं. त्यावर शिवणकामवाल्या बाईंनी त्यालाच धारेवर धरलं, कॅशियर दोघांच्या मध्ये पडले, आणि दीड तास सगळी माडी एकमेकांशी भांडत राहिली. मंडळाच्या इतिहासात इतकी रंगलेली बैठक झाली नव्हती, असं चिटणीसबाईंनी आभार मानताना सांगितलं. डॉक्टर पाण्याचा पेला हातात धरून बसून होते.

सोमवारपासून डॉक्टर गप्प झाले. दुखतंय का, आ करा, चूळ भरा, एवढंच काय ते बोलायचे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच दवाखान्यात फक्त ड्रिलचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि नवल असं, की जे पेशंट आजवर कण्हत का होईना बसून राहत, त्यांना आता खुर्चीत बसवेना. कॅशियरांनी एका दाढेसाठी तीनदा भूल मागून घेतली. एक धिप्पाड ट्रकचालक ड्रिल सुरू होताच पांढराफटक पडला आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय, लगेच येतो, असं सांगून जो गेला तो परत आलाच नाही. दोन आठवड्यांत अकरा जणांनी भेटी रद्द केल्या. बायकोने वही डॉक्टरांपुढे ठेवली, पण आपलं काय चुकतंय ते डॉक्टरांना समजेना. हात तर तेच होते.

ते समजावून द्यायला चिटणीसबाईच याव्या लागल्या. या खेपेला खालची दाढ होती. डॉक्टरांनी बोळे उचलले, तसा बाईंनी त्यांचा हात धरला.

"बोलणार आहात ना?"

"काय बोलू?"

"लिफ्टवाल्याबद्दल बोला. ती अकरा मिनिटं."

"बाई, झाली तेवढी शोभा पुरे झाली."

"शोभा कसली? अहो, तुम्ही बोलायला लागलात की मला असा संताप येतो, की तोंडात काय चाललंय त्याची शुद्धच राहत नाही. मी मनात उत्तर जुळवत बसते. मागे माझी दाढ काढलीत ना, ती निघालेली मला कळलीसुद्धा नाही. मी तुमचा तिसरा मुद्दा खोडत होते. कॅशियर परवा तेच सांगत होते. म्हणाले, तेव्हा दुखायचं ते अर्धंच; डॉक्टर बोलत नाहीत, त्यामुळे आता सगळं जाणवतं."

याला स्तुती म्हणावी की निंदा, ते डॉक्टरांना कळेना. बावीस वर्षं ज्याला ते आपली रसिकता समजत होते, ती भूल निघाली. पण माणूस आधी डॉक्टर, मग रसिक. त्यांनी बोळे घातले, घसा खाकरला आणि बाईंच्या आवडत्या दिग्दर्शकाला कॅमेरा कुठे ठेवायचा तेच कळत नाही, इथून सुरुवात केली. बाईंच्या कानशिलावरची शीर ताडताड उडू लागली. दाढ सुरेख निघाली.

पुढची सगळी व्यवस्था बायकोने लावली. पेशंटच्या कार्डावर नाव, वय, कुठलं औषध सोसत नाही, हे आधीपासून होतंच. त्याखाली तिने आणखी एक ओळ वाढवली: आवडता सिनेमा. पेशंट भाबडेपणाने ती भरून देत. डॉक्टर कार्ड वाचत, तोंड भरून घेत आणि मग त्या सिनेमाची शांतपणे चिरफाड करत. किरकोळ कामाला नायकाच्या अभिनयावर भागायचं. रूट कॅनालला कथेपासून गाण्यांपर्यंत सगळं झोडावं लागे. स्वतःला आवडलेले सिनेमेही त्यांनी टुकार ठरवले. औषध कडू असायचंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भुलीचा खप निम्म्यावर आला. गेलेले पेशंट परतले, आणि त्यांच्या मागून तो ट्रकचालकही आला. डॉक्टरांची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली. आपल्याइतकं वाईट मत देणारा दुसरा डॉक्टर पंचक्रोशीत नाही, अशी त्यांची आता खात्री झाली होती.

मग एका दुपारी बेकरीवाला आला. अबोल माणूस, गाल सुजून टम्म झालेला, अक्कलदाढ मुळाशी वाकडी. एरवी बायको कार्ड खिडकीतून आत सरकवायची. आज ती ते घेऊन स्वतः आत आली.

"हे आधी वाचा, आणि मग हात लावा."

डॉक्टरांनी वाचलं. आवडता सिनेमा या ओळीपुढे, पिठाळ बोटाच्या ठशाशेजारी लिहिलं होतं: लिफ्टवाल्याचा. तीनदा पाहिला. शेवटची अकरा मिनिटं सारखी आठवतात.

डॉक्टर स्टुलावर बसले. भिंतीपलीकडे तो माणूस बसला होता. एकेचाळीसातला नव्हे, खराखुरा. बाहेर जावं, त्याचा हात हातात घ्यावा आणि मानेवरच्या घामाबद्दल विचारावं, असं त्यांना फार वाटलं.

"आज वाटल्यास दुसऱ्या कशावर बोला," बायको हळूच म्हणाली.

"दुसऱ्याने राग येत नाही. आणि इतक्या सुजेत भूल नीट चढत नाही. नुसती ओढली तर जीव जाईल त्याचा."

त्यांनी बेकरीवाल्याला आत घेतलं. सुई दिली, बोळे घातले, चिमटा उचलला. बेकरीवाल्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टरांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले.

"तो लिफ्टवाल्याचा सिनेमा," ते म्हणाले, "इतका भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही."

बेकरीवाल्याचे डोळे वटारले गेले. डॉक्टर बोलत राहिले. अकरा मिनिटं पाठ दाखवायची तर नटाला पैसे कशाचे द्यायचे? लिफ्टवाला रडतोय की पेंगतोय, ते तरी त्या दिग्दर्शकाला ठाऊक होतं का? एकेक वाक्य त्यांना स्वतःलाच झोंबत होतं, पण हात चुकला नाही. बेकरीवाला लालबुंद झाला, त्याच्या मुठी वळल्या, आणि तो खुर्चीतून उठायला गेला तेव्हा दाढ चिमट्यात होती.

अर्धा तास कापूस दाबून धरायचा, काही बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बेकरीवाल्याने मान हलवली, चप्पल घातली, दारापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने तोंडातला कापूस काढला.

"डॉक्टर, दाढ तुम्ही झकास काढलीत. जराही दुखलं नाही. पण सिनेमातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. माणूस पाठमोरा असतो तेव्हाच सगळ्यांत जास्त दिसतो. तेवढं पुन्हा जाऊन बघा, म्हणजे उगाच लोकांना काहीतरी सांगत बसणार नाही."

कापूस पुन्हा तोंडात घालून तो निघून गेला. डॉक्टरांना आजवर इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. काउंटरवरचा फोन ठेवून बायको आत आली, तेव्हा ते बेसिनपाशी उभे राहून चिमटा धूत होते आणि नाक ओढत होते.

"काय म्हणाला हो?" तिने विचारलं.

"सिनेमा फार चांगला आहे म्हणाला," डॉक्टर म्हणाले.