आमच्या ह्यांचं हरणं

माणसानं हरावं, पण किती हरावं? आमचे हे दर रविवारी हरायचे! तेही राक्षसांच्या चित्रांच्या पत्त्यांत, तेही पोटच्या पोराकडून, आणि हरल्यावर चेहरा असा, की जणू कुणी शाल-श्रीफळ देऊन सत्कारच केलाय!

हे म्हणजे दिगंबर सर. कोथरूडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. कॉपी करणारा पोरगा ह्यांना फळ्याकडे तोंड असतानाही दिसायचा. ह्यांच्या पेपरात कधी चुकीचा प्रश्न निघाला नाही. एकदा टायपिस्टनं एक शून्य खाल्लं, तर ह्यांनी जेवण सोडलं. टायपिस्ट मात्र व्यवस्थित जेवत होता! मी स्वतः चौथी पास; पण अभिमान मी दोघांच्या वाटचा बाळगते.

आमचा अभिनव सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकेत गेला, आणि मग फोन फक्त सणावारी. बापलेकांचं बोलणं असं:

"कसा आहेस?"

"बरा. तुम्ही?"

"बरे."

"ठेवू?"

"ठेव."

अहो, पूर्वी तारेतसुद्धा याहून जास्त शब्द असायचे!

मग दिवाळीच्या आधी माळा साफ करताना एक खोका सापडला. अभिनवनं कॉलेजात असताना कॅम्पातून आणलेले पत्ते. इस्पिक-बदाम नव्हेत. एकावर ड्रॅगन, एकावर शिंगं उगारलेला बोकड, एकावर कावीळ झाल्यासारखा जादूगार. रद्दीवाल्यानंही नको म्हटलं. पाडव्याच्या फोनवर ह्यांनी विचारलं, "अरे, तुझ्या या भुतांचं काय करायचं?"

आणि पोराचं तोंड उघडलं! म्हणे, आपली भुतं समोरच्यावर सोडायची आणि त्याचा जीव शून्यावर आणायचा. अभिनव तिकडं याच्या स्पर्धा खेळतो, आणि हात सुधारावा म्हणून कोडी सोडवतो. कोडं म्हणजे अर्धवट झालेला डाव. टेबलावर हे पत्ते, हातात ते पत्ते, पुढच्या खेपेला आपण नक्की मरणार. तर याच खेपेला जिंकून दाखवा!

झालं. दर शुक्रवारी ईमेलनं कोडं यायला लागलं. माझ्या क्रोशाच्या टेबलक्लॉथवर हे भुतं मांडून बसायचे, एका बोटानं टकटक करत उत्तर पाठवायचे, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसायचे. फोनमधून माणूस दिसत नाही, हे ह्यांना कुणी सांगावं?

"बाबा, चुकलं!" अभिनव तिकडून खदखदून हसायचा. मी मेथी निवडायच्या निमित्तानं तिथंच. "बोकड आधी नाही सोडायचा... थांबा हं, खोकला आला."

"औषध घेतलंस?"

"घेतो हो. तर तुमचा जादूगार... आज भात करपला बाबा, बर्फ बघत बसलो खिडकीतून... हां, तर जादूगार!"

मेथीची जुडी संपायची, मी उगाच काड्या पुन्हा निवडायला घ्यायची. सगळं कानावर पडत होतं. पण डोक्यात शिरायचा एकच शब्द. चुकलं! आमच्या घरात, गणिताच्या मास्तरांना, दर रविवारी!

मी ठरवलं, या रविवारी हे जिंकणार.

शनिवारी हे मांजरी गावी बहिणीकडे गेले. टेबलावर कोडं मांडलेलं, कॉम्प्युटर उघडाच. मी वरच्या मजल्यावरच्या बद्रीनाथला हाक मारली. हा अकोल्याचा, हिंजवडीला नोकरी करतो, आणि रविवारी माझ्याकडे जेवतो. म्हणजे माझा हक्काचा माणूस.

"काकू, तुम्ही हे खेळून राहिल्या?"

"मी कशाला? सर खेळतात."

"सर?" तो खुर्चीत बसलाच. "काकू, हे कोडं लय अवघड हाय. शंभूले बोलावतो."

त्याचा दोस्त शंभू आला, त्याच्याबरोबर आणखी एक चष्मेवाला आला. थालीपिठांचा डोंगर भुईसपाट झाला, कोडं होतं तिथंच. मग आरडाओरडा सुरू.

"अबे, त्याले मार!"

"तो मेला ना! मेलेल्याले परत कायले मारतो?"

दारावर थाप. आमच्या सोसायटीचे चेअरमन हिंमतराव! नाव हिंमतराव, पण पालीला भितात.

"वहिनी, सरांच्या घरात जुगार? आणि मेलं कोण?"

"बोकड मेला. आत या, थालीपीठ घ्या."

थोड्या वेळानं बघते, तर हिंमतराव बाह्या सरसावून टेबलावर मूठ आपटतायत, "ड्रॅगन राखून ठेवा! मी सांगतो, ड्रॅगन राखून ठेवा!"

एवढ्यात बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. "काकू, सापडलं! आपलाच ड्रॅगन आधी मारायचा! आपला सगळ्यात भारी पत्ता आपल्याच हातानं घालवला, की मंग समोरचा खलास!"

"मग लिही. आणि सरांच्या नावानं पाठव!"

कळ दाबली गेली. मला तर घरात कुणी बोर्डात पहिलं आल्यासारखं झालं! संध्याकाळी चक्क्यासाठी दही बांधून ठेवलं.

रविवार उजाडला. इस्त्रीचा शर्ट. श्रीखंड. फोन मात्र गप्प. ह्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी उठून कॉम्प्युटर उघडला आणि वाचून दाखवलं: "बाबा, एकदम बरोबर! शाब्बास! आता तुम्हाला समजावून सांगायची गरज उरली नाही. ऑफिसात काम फार आहे, पुढचं कोडं सवडीनं पाठवतो."

"बघा!" मी टाळी वाजवली. "जिंकलात की नाही?"

"हे कुणी पाठवलं?"

मी छाती पुढं काढून सगळं सांगितलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. हे एकेक पत्ता उचलून खोक्यात ठेवत राहिले.

"अगं, ते मला मांडतानाच सुटलं होतं."

"काय? आणि दर वेळी चुकीचं लिहायचात?"

"बरोबर लिहिलं, तर तो फोन कशाला करेल?"

श्रीखंडाच्या वाट्या मी तशाच फ्रिजमध्ये परत ठेवल्या.

पण मी हार मानणारी नव्हे! बद्रीनाथला पुन्हा बसवला आणि अभिनवला लिहायला लावलं: तुझ्या बाबांनी कॉपी केली. ज्या माणसानं जन्मभर कॉप्या पकडल्या, त्याच्या कपाळी मी हे लिहून ठेवलं! उत्तरात काय आलं? एक पिवळा, गोल, हसरा चेहरा. अहो, तो फोन कसा करणार? त्याला तोंड होतं, पण आवाज नव्हता.

पोराची सवड काही उगवेना. रविवार येत राहिले. मी मेथी आणायचं बंद केलं. ह्यांनी शर्टाला इस्त्री करायचं बंद केलं नाही.

मग एक दिवस बघते, तर टेबलावर पुन्हा भुतं!

"आलं का हो कोडं?"

"आलं नाही. मीच काढतोय. त्याला पाठवायला."

आठवडाभर हे पत्ते सरकवत बसले आणि शुक्रवारी कोडं पाठवलं. रविवारी बद्रीनाथ जेवायला आला, टेबलाशी थबकला. वरण निवलं, पोळी वाळली, हा आपला टेबलाकडे बघतोय.

"काकू," तो हळूच म्हणाला, "हे सुटूनच नाही राहिलं. सरांचं कायतरी चुकलं."

म्हणजे ह्यांचं वय झालं? मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले. हे फोनपाशी बसलेले.

"अहो, तुमचं कोडं सुटत नाही म्हणतो बद्री."

"नाहीच सुटणार."

"म्हणजे चुकलंय?"

"एक पत्ता मीच काढून ठेवलाय." इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून ड्रॅगनचं डोकं वर आलं होतं. "तो खूप डोकं लावेल. मग चिडेल. चिडला, की भांडायला तरी..." ह्यांनी फोनकडे पाहिलं. मी सकाळीच तो पुसून लख्ख केला होता. लख्ख आणि मुका.

"बरोबर केलं ना गं मी?"

रडणं माझ्या स्वभावात नाही. मी पदर खोचला आणि समोरच्या बिल्डिंगलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो सर, जन्मभर मास्तरकी केलीत, त्यात पेपर नीट काढलात तो हा पहिलाच!"